नेइराच्या बँडचा श्वास

विल्मार ओकाम्पो काय शिकतो असं कुणी विचारलं, की त्याची आई सांगायची, "कम्प्युटरचं." वडील सांगायचे, "संगीताचं." खुद्द विल्मारला विचारलं तर तो आधी डोकं खाजवायचा. मी त्याच्याच वर्गात होते, नाचाकडून आलेली. माझ्याही घरी हीच गत असल्यामुळे मला त्याचं हसू येत नसे.

आमच्या मानिसालेस शहरातल्या विद्यापीठातला हा अभ्यासक्रम म्हणजे सकाळी चित्रकला, मग प्रोग्रॅमिंग, दुपारी ध्वनी आणि संध्याकाळी अनवाणी पायांनी फरशीवर लोळणं. विल्मार नेइराचा, पलीकडच्या डोंगरावरच्या गावाचा. लहानपणापासून गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारा. संगीताचे सर त्याला म्हणत, "तू इंजिनिअरिंगला का नाही गेलास रे?" आणि प्रोग्रॅमिंगचे सर त्याचा कोड बघून म्हणत, "तुम्ही कलाकार मंडळी!" दोघंही प्रेमानेच म्हणत, पण विल्मार मात्र गोंधळून जायचा. आपण नक्की कुठल्या खोलीत बसायचं, हेच त्याला कळत नव्हतं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचं काम उभं करायचं होतं. सुट्टीत गावी गेला असताना विल्मारने बँडची तालीम रेकॉर्ड केली आणि कानाला हेडफोन लावून ऐकत बसला. सूर सुरू होण्याआधी वादक जो श्वास ओढतात, तोच त्याच्या कानात राहिला. दुसऱ्या दिवशी तो छोटे माईक घेऊन परत तालमीला गेला.

"म्हणजे आम्ही वाजवलेलं फेकून देणार आणि धापा तेवढ्या ठेवणार?" ट्रम्पेटवाला लिबार्दो म्हणाला. "यासाठी विद्यापीठात जावं लागतं होय?"

आर्सेसियोकाका पोटाशी बोंबार्दिनो हे जाडजूड पितळी वाद्य धरून बसले होते. बँडमधले सगळ्यात जुने वादक. ते हसले. "माझी घे बाळा. माझ्याकडे धापा भरपूर आहेत."

विल्मारने एकेकाचा श्वास वेगळा घेतला आणि प्रत्येक फाइलला त्या त्या माणसाचं नाव दिलं.

कॉफीच्या तोडणीच्या हंगामात आर्सेसियोकाका गेले. हृदय थांबलं. विल्मार अंत्ययात्रेत ट्रॉम्बोन वाजवून आला आणि पुन्हा कामाला लागला. काकांचा श्वास काढून टाकावा की ठेवावा, हे त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "ठेव." मार्लेनीबाई, आमच्या मार्गदर्शक, म्हणाल्या, "ते तूच ठरव." त्याने ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी त्याची खोली तयार होती. अंधार, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगलेले स्पीकर, आणि प्रत्येकातून एकेका वादकाचा श्वास. श्वास आत गेला की समोरच्या भिंतीवर डोंगराची रेघ वर चढायची, सुटला की खाली उतरायची. कुठल्या स्पीकरमधून कोण येणार, हे प्रोग्रॅम दर थोड्या वेळाने आपणच बदलायचा. ऐकणाऱ्यांना नावं दिसत नव्हती, ती फक्त विल्मारच्या कम्प्युटरच्या पडद्यावर होती.

दुपारी नेइराहून अख्खा बँड बस करून आला. बरोबर आर्सेसियोकाकांची बायको, ओतिलियाकाकू. सोबत सगळ्यांसाठी अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, बांधून आणलेल्या. आधी सगळे हसले, एकमेकांना कोपरखळ्या मारत "हा तू, हा मी" करत फिरले. काकू एका स्पीकरखाली थांबल्या आणि तिथून हलल्याच नाहीत.

"हा तोच," त्या म्हणाल्या. "झोपेत असाच घ्यायचा. शेवटी जरा अडकायचा."

विल्मारने पडद्याकडे पाहिलं. त्या स्पीकरपुढे नाव होतं लिबार्दोचं.

आणि लिबार्दो काकूंच्या शेजारीच उभा होता. त्याने विल्मारकडे पाहिलं. स्वतःचा श्वास त्याने ओळखला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. सिगारेटने चिरलेला, शेवटी अडकणारा. तो खोकला दाबत भिंतीकडे सरकला.

विल्मारने प्रोग्रॅम थांबवला आणि काकूंच्या डोक्यावरच्या स्पीकरमध्ये आर्सेसियोकाकांची फाइल लावली. खरी. काकूंनी लगेच मान वर केली.

"हा कोण आता? बाळा, आधीचा लाव ना. त्याला का काढलंस?"

विल्मारने पुन्हा लिबार्दो लावला. काकू डोळे मिटून ऐकत राहिल्या.

हे सगळं परीक्षकांसमोरच झालं; ते विल्मारच्या मागेच उभे होते आणि पडद्यावरची नावं त्यांनीही पाहिली होती. काकू आणि बँड बाहेर गेल्यावर प्रोग्रॅमिंगचे सर म्हणाले, "मग प्रोग्रॅम चुकला का?"

"नाही सर. प्रोग्रॅम बरोबर होता."

मार्लेनीबाईंनी विचारलं, "तुझ्या टिपणात तू म्हणतोस, श्वासावरून माणूस ओळखता येतो. ओळखता येतो का?"

"काल विचारलं असतंत तर हो म्हणालो असतो," विल्मार म्हणाला. "आता मला माहीत नाही, बाई. खरंच माहीत नाही."

ते पास करणार की नापास, आम्हाला कळेना. पास केलं. संगीताच्या सरांना काम फार आवडलं, प्रोग्रॅमिंगच्या सरांना मुळीच नाही, आणि मार्लेनीबाई बराच वेळ त्या खोलीत एकट्याच बसून होत्या.

संध्याकाळी आम्ही गुळाचं गरम पाणी पीत पायरीवर बसलो. "सांगायला हवं होतं का मी काकूंना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नको." थोड्या वेळाने म्हटलं, "हो, बहुतेक." तो माझ्याकडे बघत राहिला आणि आम्ही दोघंही हसलो, पण त्या हसण्यात काही राम नव्हता.

आता विल्मार इथल्याच एका सांस्कृतिक केंद्रात मुलांना आवाज गोळा करायला शिकवतो आणि रविवारी नेइराला जाऊन बँडमध्ये वाजवतो. काकू तालमीला आल्या, की लिबार्दो हल्ली त्यांच्यापासून जरा लांब बसतो. प्रदर्शनानंतर काकूंनी विल्मारकडे "आर्सेसियोचा श्वास" मोबाइलवर मागितला होता. कुठला पाठवावा, यावर विल्मार बरेच दिवस अडून राहिला. शेवटी त्याने दोन्ही पाठवले, नाव न घालता: आधी लिबार्दोचा, मग काकांचा. पहिला त्या रोज ऐकतात, असं त्यांनीच सांगितलं. दुसरा उघडला की नाही, हे विचारायची हिंमत त्याला अजून झालेली नाही.