साडूंची युरोपातली पस्तीस दिवसांची रजा

घाईशी आयुष्यात एकदाही ओळख झालेली नाही असा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच, आणि तो माझा मोठा साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहायला दौंडला, नोकरी रेल्वेत, मालगाडीवर गार्ड. शेवटच्या डब्यात एकटं बसायचं, हिरवा झेंडा दाखवायचा आणि गाडी जिथं थांबेल तिथं थांबायचं, असं त्यांनी बत्तीस वर्षं केलं. एक्सप्रेस गाड्या शेजारून धडधडत जायच्या आणि आमचे साडू कुठल्यातरी आडबाजूच्या रुळावर चार-चार तास उभ्या गाडीत शेंगा सोलत बसायचे. बाकीचे गार्ड वैतागायचे. साडू म्हणायचे, "पळत्या गाडीतनं गाव दिसत न्हाई पाव्हणं, नुसत्या पाट्या दिसत्यात."

अशा माणसाच्या डोक्यात युरोप घुसवायची चूक माझ्या हातून झाली. मी शिरूरला राहतो आणि सणसवाडीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. एका दिवाळीला तिथं परदेशी कंपनीची कॅलेंडरं आली, ती नातेवाइकांत वाटली, त्यातलं एक दौंडला गेलं. बारा महिन्यांची बारा चित्रं, सगळी नद्यांची आणि जंगलांची. होळीला गेलो तर भिंतीवर अजून जानेवारीच. "आप्पा, पान उलटायचं राहिलं वाटतं," मी म्हणालो. ते म्हणाले, "ह्ये बघून झालं न्हाई अजून." त्या पानावर ऱ्हाइन नदी होती. तिचा पिच्छा त्यांनी पुढं सात वर्षं सोडला नाही.

निवृत्त झाल्यावर ते मला घेऊन पुण्यातल्या एका प्रवासी कंपनीत गेले. तिथल्या टायवाल्या तरुणानं मोठ्या कौतुकानं 'पंधरा दिवसांत अकरा देश' असा कागद समोर ठेवला. साडूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हंजी एका देशात जेवायचं आन् दुसऱ्या देशात हात धुवायचं का?" त्यानं हसून आणखी एक देश वाढवून देतो म्हणून सांगितलं, तेव्हा साडू उठलेच. दारातून परत वळून त्यांनी एकच विचारलं, "मधी कुठं उतरायला मिळंल का?" तो म्हणाला, नाही. झालं. साडूंनी सहल स्वतः आखायला घेतली.

त्यासाठी त्यांनी गार्डाच्या वहीसारखी एक लांबलचक वही आखली. गाव, पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, आणि शेवटचा रकाना 'थांबण्याचं कारण'. मालगाडी कुठं का अडकली हे नोकरीत लिहावं लागायचं, ती सवय हाताला राहिली होती. एकूण मुक्काम सात, दिवस पस्तीस. आधी ऱ्हाइनच्या काठचं एक खेडं, मग दुसरी एक नदी, मग जर्मनीतलं ते 'काळं जंगल', मग डॅन्यूब. कारणांचा रकाना मी वाचला. पहिलं कारण, 'नदी बघणे'. दुसरं, 'नदीची दुसरी बाजू बघणे'. काळ्या जंगलापाशी सहा दिवसांचा थांबा, कारण 'झाडं पुष्कळ आहेत'. आणि पाचव्या मुक्कामासमोर स्वच्छ अक्षरात, 'काही कारण नाही'.

मग तालमी सुरू झाल्या. दौंडहून शिरूरला आमच्याकडं यायला एसटीला दोन-अडीच तास पुरतात. साडू आणि अक्का, म्हणजे त्यांची बायको, सोमवारी सकाळी निघाले ते मंगळवारी दुपारी पोचले. पाटसला उतरून चहा, पारगावात ओळखीच्यांकडं रात्रीचा मुक्काम, न्हावऱ्याला पारावर झोप, असं सगळं वहीत रीतसर लिहिलेलं. "चौफुल्याला तीन तास थांबलो," साडूंनी उत्साहानं सांगितलं आणि माझ्या बायकोनं डोळे मोठे केले, कारण चौफुला म्हटलं की आमच्याकडं पहिली आठवतात ती तमाशाची थेटरं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "म्या व्हते की संगं. ढोलकी बरी वाजिवली."

नदीची तालीम भीमेत झाली. इकडं गुळाची मोठी काहील मासेमारीला नाव म्हणून वापरतात. गोल कढईच ती, तिला पुढचं-मागचं काही नसतं. साडूंनी एका मासेमाराला 'सावकाश फिरव' म्हणून सांगितलं. ती इतकी सावकाश फिरली की जागच्या जागी गरगरत राहिली. काठावर येईपर्यंत अक्कांना दौंडचा पूल चारी दिशांना दिसत होता. "युरोपातल्या काहिली बी अशाच असतील तर म्या येनार न्हाई," त्यांनी जाहीर केलं, आणि पुढं दोन दिवस त्या भिंत धरून चालल्या.

जंगलाची तालीम वनखात्याच्या एका लागवडीत. तिथं काळं काही नव्हतं, सगळ्या बाभळी. दोघं सतरंजी टाकून, थर्मास मधे ठेवून बसली. तासाभरानं वनरक्षक आला.

"काय चाललंय हितं?"

"बसलोय," साडू म्हणाले.

"कशापायी?"

"जंगल हाय म्हनून."

त्या बिचाऱ्याच्या नोकरीत लाकडं तोडायला आलेले, शेळ्या घेऊन आलेले, पत्ते कुटायला आलेले सगळे भेटले होते, पण जंगल आहे म्हणून बसलेलं कुणी भेटलं नव्हतं. त्यानं सतरंजी उचलून खाली कुऱ्हाड आहे का ते पाहिलं. मग साडूंनी त्याला युरोपचा सगळा बेत समजावला. शेवटी तो चहा पिऊन गेला, आणि जाताना मला वाटतं थोडा उदासही झाला.

व्हिसाच्या मुलाखतीला मी मुंबईला सोबत गेलो होतो. खिडकीपलीकडच्या बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, पस्तीस दिवस काय काम आहे? साडू म्हणाले, "काम न्हाई. रिटायर हाय." आणि वही आत सरकवली. दुभाष्यानं कारणांचा रकाना वाचून दाखवायला सुरुवात केली. चौथ्या मुक्कामापर्यंत बाई गंभीर होत्या. पाचव्याला त्यांनी तोंडावर रुमाल धरला. व्हिसा मिळाला.

तर अशी सात वर्षांची तयारी करून दोघं एकदाची निघाली. पुढचं मला त्यांच्याकडूनच कळलं, आणि तेही अर्थात सावकाश, तीन-चार भेटींत मिळून. पहिला मुक्काम त्या ऱ्हाइनकाठच्या खेड्यात, चार दिवसांचा. राहायला एका बाईच्या घरातली वरची खोली. तिचा नवरा नदीवर फेरीबोट चालवायचा, माणसं आणि गाड्या ह्या तीरावरून त्या तीरावर. साडूंनी पेटीत जुना हिरवा झेंडा नेला होता. दुसऱ्या दिवशी बोट सुटताना त्यांनी धक्क्यावरून सहज तो दाखवला. नावाड्यानं भोंगा वाजवून उत्तर दिलं. तिसऱ्या दिवसापासून म्हणे साडूंचा झेंडा दिसल्याशिवाय बोट हलेना. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, तरी दुपारी दोघं धक्क्यावर तास-तास बोलत बसायचे.

पाचव्या दिवशी सकाळी सामान बांधून साडू खाली आले, तर अक्का नदीकाठच्या बाकावर बसलेल्या.

"चला, गाडीची येळ झाली," साडू म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला घाई केली असेल.

"तुमी जा पुढं. म्या हितं बरी हाय."

"आगं, अजून सहा मुक्काम हायेत. काळं जंगल हाय!"

अक्का नदीकडं बघतच म्हणाल्या, "तुमी बत्तीस वरसं गाडीत बसून ऱ्हायलात. म्या कवा बसले? स्वयपाक न्हाई, पानी भरायचं न्हाई, दारात कोन न्हाई. चार दिवसांत जरा कुठं बसाया जमाया लागलंय, तर तुमी उठा म्हन्ता."

साडूंनी एकदा स्टेशनाच्या वाटेकडं पाहिलं. सात वर्षं घोकलेली गावं होती ती, वळणांसकट पाठ झालेली. मग त्यांनी पेटी खाली ठेवली, वही काढली, आणि मुक्काम एक, थांबण्याचं कारण, ह्या रकान्यात लिहिलं: 'पत्नी बसली आहे.' आणि ते शेजारी बसले. उरलेले एकतीस दिवसही ती दोघं तिथंच होती.

परत आल्यावर लोक विचारायचे, पॅरिस पाहिलं का, स्वित्झर्लंड पाहिलं का. साडू म्हणायचे, "न्हाई बा. पर तिथल्या बेकरीवालीच्या थोरल्या लेकीचं जमलं." काळं जंगल राहिल्याचं मात्र त्यांना लागलेलं होतं. कधी बोलता-बोलता मधेच म्हणायचे, "नदीपल्याडच्या डोंगरावर झाडी व्हती तशी. तीबी काळीच दिसायची, सांच्याला."

दोन वर्षांनी त्या घरमालकीण बाईंचं पत्र आलं, सगळं जर्मनमध्ये. दौंडात कुणाला वाचता येईना, म्हणून साडूंनी ते माझ्याकडं धाडलं. आमच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरला भाषा येत होती, त्यानं ते मराठीत लिहून दिलं. पत्र लहानसंच होतं. नवरा हिवाळ्यात वारला. शेवटच्या आजारात तुमची आठवण काढायचा. नदी ठीक आहे.

ते घेऊन मी दौंडला पोचलो तो पाडव्याचा दिवस. ताटं वाढलेली होती, वाटीत श्रीखंड होतं. मी मजकूर वाचून दाखवला. साडू उठून ओसरीवर गेले. अक्कांनी वाट्या एकेक करून उचलल्या आणि श्रीखंड पातेल्यात परत ओतलं. तेवढ्यात शेजारीण पुरणपोळी द्यायला आली, घरातली शांतता बघून दारातच थबकली.

"कोन गेलं वं अक्का?"

अक्कांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"आमच्या गावाकडचं व्हतं एक जन," त्या म्हणाल्या.