डोळ्यांचं लिहू नका

आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर ज्या खोलीत होता तिथे चपला बाहेर काढून जावं लागे. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. नागपुरात कॉम्प्युटर अजून नवलाचा होता आणि आमच्या निमसरकारी ऑफिसात तो एकच होता. धूळ आणि ऊन लागू नये म्हणून खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला, आणि सगळ्या इमारतीतला एकुलता एक एसी याच खोलीत. साहेबांच्या केबिनमध्येसुद्धा कूलरच होता. मे महिन्यात साहेब काहीतरी निमित्त काढून यायचे, बूट-मोजे काढून माझ्यामागे उभे राहायचे आणि "चालू द्या, चालू द्या" म्हणत अर्धा तास थंड होऊन जायचे.

मी त्या कॉम्प्युटरची ऑपरेटर. जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं त्यात भरायची, साडेदहापासून साडेपाचपर्यंत. "तुमचं काय बाई, तुम्ही तर काश्मिरात बसता," असं मला रोज कोणी ना कोणी ऐकवायचं. त्या काश्मिरात माझे डोळे जळत होते, ते कोणाला दिसत नव्हतं.

मॉनिटर म्हणजे एक भलाथोरला डबा होता. त्याचं मागचं टोक भिंतीला टेकलेलं आणि पुढची काच माझ्या नाकाशी. काच टम्म फुगलेल्या पुरीसारखी. काळ्यावर हिरवी अक्षरं, आणि तीही थरथरणारी. कडेची अक्षरं वाकडी व्हायची, मधोमध ट्यूबलाइटची पांढरी रेघ पडायची. इंग्रजी तीन कुठला आणि आठ कुठला हे मी अंदाजानं ठरवायची. एकदा अंदाज चुकला आणि एका गृहस्थांचा मृत्यू त्यांच्या जन्माच्या आधी नोंदला गेला. मला मेमो मिळाला. त्यात 'निष्काळजीपणा' असा शब्द होता, आणि तो मला आजही झोंबतो.

घरी मी आणि बाबा, दोघंच. आई आधीच गेली होती. आम्ही कोष्टी. बाबांनी तीस वर्षं अंधाऱ्या खोलीत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बारीक सुताची लुगडी विणली आणि पन्नाशीत डोळे घालवून बसले. उजेड आणि सावली तेवढी कळायची. माणूस ते आवाजावरून ओळखायचे. मला त्यांनी मागावर कधी बसू दिलं नाही. मॅट्रिक होताच टायपिंगच्या क्लासला घातलं. "मागाले हात लावू नको वं," म्हणायचे. "तो पोटाले देते, पण डोळे मागते. तू खुर्चीवर बसून काम कर." आता त्या खुर्चीनंही डोळेच मागितले होते, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? संध्याकाळी ओल्या कापडाची घडी डोळ्यांवर ठेवून मी पडायची आणि त्यांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणायची. मनात भीती एकच होती, आपलंही बाबांसारखंच होणार.

सीताबर्डीतल्या एका दुकानात सपाट काचेचे नवे मॉनिटर आलेत असं कळलं आणि मी अर्ज केला. साहेबांनी त्यावर 'तपासून सादर करा' असं लिहिलं. मग तीन महिने तो अर्ज कोणीही तपासला नाही आणि कोणीही सादर केला नाही. मी रोज विचारायची. शेवटी माझ्या तगाद्याला कंटाळून हेडक्लार्क एका दुपारी म्हणाले, "चला बाई, एकदाचं पाहून घेऊ."

हेडक्लार्क जुन्या नागपुरातल्या महाल भागातले. भोसल्यांच्या राज्यापासून त्यांच्या घराण्यात कारकुनी होती, आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. दुकानात गेल्यावर त्यांनी नव्या मॉनिटरवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, माठ घेताना करतात तसं. मग दोन्ही हातांनी तो उचलून पाहिला आणि त्यांचा चेहराच पडला.

"हा तर हलका आहे हो. जुन्याच्या अर्धा पण नाही. भाव तेवढाच अन् माल अर्धा? ऑडिटवाले काय म्हणतील?"

"साहब, इसमें माल नहीं, टेक्निक है," दुकानदार म्हणाला.

"टेक्निक मी स्टॉक रजिस्टरमध्ये कशी चढवू?"

या एका मुद्द्यावर अर्धा तास गेला. दोघांपैकी एकानंही माझ्याकडे मान वळवली नाही. रोज सात तास त्या काचेसमोर बसणार मी, आणि चर्चा वजनाची! दुकानदारानं पडद्यावर उड्या मारणारे चेंडू दाखवले. हेडक्लार्क त्यात रमले. शेवटी मीच मध्ये पडले आणि म्हणाले, मला आकडे पाहायचेत.

"बहनजी, नंबर में क्या देखना है?"

मी पर्समधून रजिस्टरच्या एका पानाची नक्कल काढली आणि उभ्या उभ्या टाइप करू लागले. पांढरी, शांत अक्षरं. कोपऱ्यातलीसुद्धा सरळ. तीन तीनसारखा दिसत होता आणि आठ आठसारखा. मी ते पान दोनदा वाचून काढलं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

"झालं का पाहून? चला, पोहे खाऊ," हेडक्लार्क म्हणाले.

चौकातल्या ठेल्यावर तर्रीपोहे खाता खाता त्यांनी मला शहाणपण शिकवलं. "नोट तुम्हीच लिहा बाई, मी पुढे सरकवतो. पण एक सांगतो, डोळ्यांचं लिहू नका. डोळे तुमचे आहेत, ऑफिसचे नाहीत. ऑफिसचा काय फायदा ते लिहा. मग पाहा, फाइल कशी धावते ते."

माणूस वाईट नव्हता. मनापासून सांगत होता, म्हणून तर मी ऐकलं. परत दुकानात गेले आणि फायदे विचारून आले. बिजली कम खाता है. गरम नहीं होता. एसी-वेसी कुछ नहीं लगता. दुसऱ्या दिवशी मी झकास नोट लिहिली. शेवटचं वाक्य होतं, 'सदर मॉनिटर गरम होत नसल्याने त्यास वातानुकूलनाची आवश्यकता नाही.' ते लिहून मी स्वतःवरच खूश झाले होते.

चौथ्या दिवशी मंजुरी आली. तीन महिने हलली नाही ती फाइल चार दिवसांत! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मॉनिटर आला तो ऐन मे महिन्यात. नारळ फोडला, पेढे वाटले. कोणीतरी हौसेनं थेट काचेवरच कुंकवाचं बोट लावलं, ते मी पुसून काढलं. त्याच दुपारी दोन माणसं शिडी आणि पाने-पक्कड घेऊन आली आणि भिंतीतला एसी खोलू लागली. कुठे नेता म्हणून विचारलं तर म्हणाले, साहेबांच्या केबिनमध्ये.

मी धावत हेडक्लार्ककडे गेले. त्यांनी शांतपणे फाइल उघडून माझ्यापुढे ठेवली. माझ्या शेवटच्या वाक्याखाली साहेबांनी लाल शाईनं रेघ ओढली होती, सबंध नोटेत तेवढ्याच वाक्याखाली.

"तुमचंच अक्षर आहे ना, बाई?"

"अहो, मॉनिटरला एसी लागत नाही असं लिहिलंय. त्याच्याखाली कॉम्प्युटर आहे त्याचं काय? अन् माझं काय?"

"ऑपरेटरसाठी एसीची तरतूद नाही," ते म्हणाले. थोडे ओशाळले असावेत, कारण लगेच त्यांनी मला उरलेला पेढा देऊ केला.

आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी पेढा घेतला नाही. तेवढाच काय तो माझा निषेध.

एसीच्या जागी साहेबांचा जुना कूलर आमच्या वाट्याला आला. कूलर लावायचा तर खिडकी उघडी हवी. म्हणून काळा कागद फाडून खिडकी उघडली. ती पश्चिमेची. दोन वाजल्यापासून ऊन सरळ टेबलावर यायचं आणि ती सपाट काच आरशासारखी लखलखायची. तिच्यात खिडकीचे गज दिसायचे, बाहेरचा कडुनिंब दिसायचा, माझा घामेजलेला चेहरा दिसायचा, आणि या सगळ्यात कुठेतरी आकडे असायचे. कूलरच्या ओलाव्यानं काच धुरकट व्हायची ती वेगळीच. टेबल फिरवायचं म्हटलं तर वायर पुरत नव्हती. वायरीसाठी अर्ज केला. साहेबांनी लिहिलं, 'तपासून सादर करा.'

मी खिडकीला जुनं लुगडं टांगलं तर वारा अडला. लुगडं काढलं तर ऊन. दिवसभर हाच खेळ. आता खोलीत कोणी चपला काढत नव्हतं आणि मला काश्मिरावरून चिडवायलाही कोणी येत नव्हतं. साहेबांवर मी चिडले, हेडक्लार्कवर चिडले, पण खरी चीड माझ्या त्या वाक्याची होती. खरं कारण सोडून मी सगळी कारणं लिहिली होती. जूनमध्ये डॉक्टरांनी चष्मा दिला. म्हणाले, फार उशिरा आलात, आणि नंबर वाढत जाईल.

बाबांपासून मी तो लपवला. त्यांना दिसणार नव्हताच, पण ते कधी कधी माझ्या गालावरून हात फिरवायचे. म्हणून गल्लीच्या तोंडाशीच मी चष्मा काढून पिशवीत टाकायची आणि घरातलं सगळं तशीच करायची.

एका संध्याकाळी मी दाराशी सुपात तांदूळ घेऊन बसले होते. बाबा खाटेवर.

"तांदूळ निवडून राहिली काय वं?"

"हो बाबा."

"लय वेळ लागून राहिला. पहिले तू खडा उचलून अंगणात फेकत होती, त्याचा आवाज येत होता. आता तू बोटं फिरवून फिरवून खडे शोधून राहिली."

मी सूप उजेडाकडे वळवलं.

"मी बी असाच धागा शोधत होतो. तुटलेला दिसत नव्हता, मंग बोटानं शोधाचा. तुह्या मायले दोन वर्सं सांगितलं नाही." मग म्हणाले, "चष्मा हाये ना? मंग लाव ना. माह्यापाशी काहून लपवतं?"

मी उठून पिशवीतून चष्मा आणला आणि लावला. सुपात पांढरे खडे पुष्कळ होते. बाबा चाचपडत खाटेवरून उतरले आणि माझ्या बाजूला येऊन बसले.

"नंबर किती निंगाला?"

मी कमी करून सांगितला.