खिंडीपलीकडची शीळ

माझी मुलगी मुक्ता पक्ष्यांचा अभ्यास करते. मादी जोडीदार कसा निवडते आणि त्या निवडीतून एका जातीच्या दोन जाती कशा होतात, हा तिचा विषय. गेल्या फाल्गुनात मी तिच्याबरोबर एका देवराईत गेलो होतो. तिथे एका लहान करड्या पक्ष्याची एकच मादी उरली होती. नर होते ते खिंडीपलीकडे, आणि त्यांची शीळ इकडच्यापेक्षा वेगळी झाली होती.

"तिने ती शीळ ओळखली नाही तर?" मी विचारलं.

"तर ते तिच्या लेखी परकेच, बाबा. मग तिकडचा नर इथे आणून सोडण्यात अर्थ नाही."

मुक्ताने झुडपातल्या स्पीकरवर पलीकडची शीळ लावली. मादी पंख साफ करत बसून राहिली. मला मुक्ताच्या आईला पाहायला गेलो तो दिवस आठवला. ती वऱ्हाडातली, मी मालवणचा. माझं निम्मं बोलणं तिला कळलं नव्हतं, तरी ती हो म्हणाली. कुठला आवाज आपला मानायचा, हे आत कोण ठरवतं कोणास ठाऊक.

शीळ पुन्हा वाजली. मादी खालच्या फांदीवर आली, मग स्पीकरजवळ बसून तिने पंख थरथरवले.

"ओळखलं तिने," मुक्ता म्हणाली. माझा घट्ट धरलेला दंड तिने तेव्हा कुठे सोडला. आम्ही दोघांनी पाचोळ्यात बसकण मारली.

मादी झुडपात शिरून शीळ घालणाऱ्याला शोधत होती.

"थांब गं बाई," मुक्ता हळूच म्हणाली, "आणते त्याला."