बुडालेल्यांच्या फौजेची बातमी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, ज्यांच्यासोबत रविवारच्या दुपारी घालवतो त्यांच्यापाशी नाही, मंगेशपाशी तर नाहीच. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही — कदाचित म्हणूनच सांगता येतं आहे.

आधी खेळ समजून घ्या. बोटभर उंचीच्या मूर्ती — योद्धे, राक्षस, भुतं — आपण जोडायच्या, बारीक कुंचल्यानं रंगवायच्या आणि टेबलावर त्यांच्या फौजा लढवायच्या. चांगली नोकरीधंद्याची माणसं हे करतात. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर केतनचं दुकान आहे, तिथे आम्ही जमतो. मूर्ती काढणारी कंपनी परदेशातली. पुढची फौज कोणती, हे ती अखेरपर्यंत सांगत नाही. म्हणून अफवा चालतात. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अफवा आणणाऱ्याला जो मान आहे, तो लढाई जिंकणाऱ्यालाही नाही.

मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. आवृत्ती बंद झाली, तेव्हापासून एका कंपनीची माहितीपत्रकं लिहितो. माहितीपत्रकाची कुणी वाट बघत नाही. हे कारण म्हणून सांगत नाही — क्रम म्हणून सांगतो.

मंगेश दहिसरला राहतो, मूळचा मालवणकडचा. तो केतनच्या दुकानात कामाला होता. आलेली खोकी उतरवून घ्यायचा, माल लावायचा. त्याची स्वतःची फौज होती बुडालेल्यांची — समुद्रात मेलेले आणि परत आलेले खलाशी. कंपनीनं त्या फौजेत कित्येक वर्षं एकही नवी मूर्ती काढली नव्हती. पोरं चिडवायची, "मंग्या, तुझ्या खलाशांना मासे खाऊन गेले रे!" तो म्हणायचा, "येतले रे, येतले. भरती येवंदे."

एका शनिवारी मी ग्रुपवर लिहिलं — बुडालेल्यांची फौज नव्यानं येत असल्याचं विश्वसनीय सूत्रांकडून समजतं. नवा सेनापती होडीच्या टोकावर उभा आहे, डाव्या हातात कंदील.

कंदील कशाला? एखादा निरुपयोगी तपशील असला की बातमी खरी वाटते, हे मी डेस्कवर शिकलो होतो. तिथे तो तपशील खरा असावा लागे. इथे — सूत्रच नव्हतं. विश्वसनीय नाही, अविश्वसनीयही नाही. बोरिवलीच्या घरी, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता, मी ते सगळं मनानं रचलं होतं.

ग्रुप पेटला. मला बरं वाटलं.

आणि पुढच्याच आठवड्यात कंपनीनं तीच फौज जाहीर केली — नुसतं नाव, चित्र नाही.

मला काय ठाऊक, की तिचं सीलबंद खोकं केतनकडे आधीच येऊन पडलं होतं? कंपनीनं सांगेपर्यंत उघडायचं नाही, आत काय आहे ते बोलायचं नाही, नाहीतर दुकानाला माल बंद — अशी अट होती. खोक्याची एक कड वाहतुकीत फाटली होती. आणि ते उतरवून घेतलं होतं मंगेशनं. लोक माझं अभिनंदन करत होते आणि बघत होते त्याच्याकडे.

केतननं मला बाजूला घेतलं. "यार, एवढंच सांग, माझ्या दुकानातून बाहेर गेलं का?"

"सूत्राबद्दल मी बोलत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी पूर्वी खऱ्या माणसांना वाचवायला वापरलं होतं. आता त्याच्या आड कोण होतं? मी एकटा.

मंगेशनं मला जिन्यात गाठलं. "तुझो माणूस कोण आसा ता नको सांगू. मी नाय, एवढाच सांग ना त्यांका."

"एकाला वगळलं की दुसऱ्यावर संशय जातो, मंगेश. नियम आहे तो."

तो एक पायरी खाली उतरला. मग म्हणाला, "बरोबर आसा. तुझो धंदो तो." चिडला असता तर कदाचित मी बोललो असतो — की हेही आता रचतो आहे?

खोकं सगळ्यांसमोर उघडलं. सेनापती होडीवर होता खरा, पण दोन्ही हातांत मोडकं वल्हं. कंदील कुठेच नाही. फाटक्या कडेतून ज्यानं आत पाहिलं असतं, त्यानं कंदील सांगितला नसता. मंगेशच्या निर्दोषपणाचा पुरावा टेबलावर उभा होता, आणि तो फक्त मला दिसत होता. कुणीतरी विचारलं, "कंदील कुठेय रे?" मी म्हणालो, "सूत्राची तेवढी चूक झाली."

त्या महिन्यात केतननं मंगेशला कामावरून काढलं. मंगेश पुन्हा खेळायला आला नाही. मी अजून जातो. माझ्या अफवांवर तिथे अजून विश्वास आहे.

गेल्या वर्षी दहिसर चेकनाक्यापाशी तो भेटला. औषधांच्या गोदामात लागला आहे, लांब पडतं म्हणाला. नको नको म्हणताना घरी घेऊन गेला. बायकोला हाक मारून माझी ओळख करून दिली.

"हो तो पत्रकार. माझी नोकरी गेली, पण ह्येना आपल्या माणसाचा नाव फोडल्यान नाय. असो माणूस शोधून गावाचो नाय."

वहिनींनी चहा पुढे केला. साखर बरोबर आहे ना, विचारलं.

मी म्हणालो, बरोबर आहे.