महाळुंग सोला

फळबाजारातल्या मापाड्याला मारलं ते सकाळी साडेदहाला, दोनशे माणसांच्या डोळ्यांदेखत. भांडण लागलं ते त्याच्या मावशीवरून. ही मावशी गाळ्यासमोर बसून फळं निवडायची; बरी एका पेटीत, डागी दुसरीत. हमालांच्या मुकादमाला ती वाटेत आडवी आली वाटलं, म्हणून त्याने तिच्या पेटीला लाथ घातली आणि तिला केसांना धरून बाजूला ओढलं. मापाडी हाडाने किरकोळ, वय तिशीचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण लहानपणापासून त्याला वाढवलं होतं ते या मावशीने. तो वजनकाट्यावरून उठला आणि सरळ मुकादमाच्या नाकावर ठोसा मारला. नाक फुटलं.

आपल्याच माणसांपुढे हनुवटीवरून रक्त गळतंय म्हटल्यावर मुकादम दोन पावलं मागे सरला आणि ओरडला, “महाळुंग सोला रे!”

तिघे हमाल धावले. एकाने मापाड्याचे हात मागून धरले, दुसऱ्याने पेट्या फोडायची पहार घातली, तिसऱ्याने पोती ओढायचा लोखंडी आकडा. मावशी मध्ये पडली तर तिची दोन बोटं पहारेखाली सापडली. तिसऱ्या घावानंतर मापाडी ओरडायचा थांबला, तरी घाव थांबले नाहीत. शेवटी तो काट्याच्या पाट्यावरच आडवा झाला, आणि त्याच्या वजनाने काटा एका बाजूला जाऊन टेकला.

पोलीस आले तेव्हा दोनशेपैकी एकशे नव्याण्णव जण नेमके त्याच वेळी पाठ करून उभे होते. कुणी माल मोजत होतं, कुणी तोंड धूत होतं. पाहिलं होतं ते एकट्या मावशीने.

मावशीची साक्ष निघाली तेव्हा एक अडचण आली. ती बोलायची बाजाराची बोली. बंदरावरच्या जुन्या हमालांची ती भाषा कोर्टात कुणाला धड कळत नव्हती. मग दुभाषीबाईंना बोलावलं.

दुभाषीबाई छत्तीस वर्षांच्या असल्यापासून कोर्टात होत्या, आता त्रेपन्नच्या. तिसऱ्या मजल्यावर जिन्याखाली एक अरुंद खोली, एक टेबल, पाय लंगडा म्हणून घडी घातलेला कागद खाली सरकवलेला, आणि भिंतीला टेकून जाड शब्दकोशांची रांग. स्वभावाने काटेकोर. साक्षीदाराने शिवी दिली तर शिवीच सांगायची, तो अडखळला तर अडखळायचं. “मी नळ आहे,” त्या म्हणायच्या. “पाणी गढूळ असलं तर गढूळच येणार.” वडील शाळेत कारकून होते, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलेलं होतं.

मावशी पिंजऱ्यात उभी राहिली. बोटांना अजून पट्टी होती. सगळं तिने क्रमाने सांगितलं आणि मुकादमाच्या त्या तीन शब्दांपाशी आली. दुभाषीबाई क्षणभर थांबल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच अशा थांबल्या होत्या. मग सांगितलं, “मुकादम ओरडला, महाळुंग सोला रे.”

मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्कन हसलं.

मुकादमाचे वकील उठले. गोरेगोमटे, बोलायला मधाळ. “साहेब, त्या दिवशी सकाळी बाजारात चाळीस पेट्या महाळुंगं उतरली होती. त्यांची साल मुरंब्याच्या कारखान्याला जाते, म्हणून ती बाजारातच सोलतात. माझ्या अशिलाने कामाचा हुकूम दिला. पुढे तिघा तापट माणसांनी जे केलं, ते त्यांचं त्यांनी केलं.” त्यांनी हातातला शब्दकोश उघडला. “महाळुंग. लिंबाच्या जातीचं मोठं फळ. दुसरा अर्थ दिलेला नाही.”

मावशी पिंजऱ्यातून ओरडली, “नाक फुटलेला माणूस मुरंब्याचं काढील का हो?”

दुभाषीबाईंनी तेही जसंच्या तसं सांगितलं. यावेळी कुणी हसलं नाही.

न्यायाधीश म्हातारे होते, कान थोडे जड, पण डोकं जागेवर. ते म्हणाले, “बाई, तुम्ही ही बोली जाणता. या शब्दाला आणखी काही अर्थ आहे का?”

“साहेब, शब्द जुना आहे. पोथ्यांमध्ये त्याला मातुलुंग म्हणतात. त्याचंच झिजत झिजत महाळुंग झालं. बीजपूर असंही नाव आहे, बियांनी भरलेलं म्हणून. साल बोटभर जाड, खडबडीत, आणि आत रस नावाला. वैद्य साल वापरायचे, पोटाला.” त्या भराभर बोलत होत्या, शाळेतल्या मुलीने पाठ म्हणून दाखवावा तशा. “हा झाला कोशातला अर्थ.”

“आणि बाजारातला?”

वकील म्हणाले, “हरकत आहे. बाई दुभाषी आहेत, बाजारातल्या नाहीत. त्यांना काय ठाऊक?”

यावर गप्प बसता आलं असतं. पुढे कितीतरी दिवस त्या स्वतःला हेच सांगत होत्या, की गप्प बसता आलं असतं. पण पिंजऱ्यातली मावशी त्यांच्याकडे अशी बघत होती, की जणू हिच्या तोंडातूनच आपला पोरगा आता पुन्हा मरणार.

“मी बाजारातलीच आहे,” दुभाषीबाई म्हणाल्या. “माझे वडील याच बाजारात हमाल होते.”

लेखनिकाने मान वर करून पाहिलं.

“नवा हमाल आला आणि त्याला काम लवकर समजलं नाही, तर त्याला महाळुंग म्हणायचे. साल जाड, रस कमी. त्यात राग नव्हता, हसून म्हणायचे. मग हळूहळू महाळुंग म्हणजे माणसाचं डोकंच झालं. महाळुंग दुखतंय, महाळुंग तापलंय, असं. आणि बंदरावर मोठी मारामारी झाली तेव्हापासून महाळुंग सोलणं म्हणजे डोक्याची कातडी निघेपर्यंत मारणं. माझ्या लहानपणी हा शब्द कानावर पडला की बायका मुलांना आत ओढून दार लावायच्या. फळ सोलायचं असेल तर बाजारात ‘साल काढा’ म्हणतात. सोला कधीच नाही.”

“हे तुम्ही ऐकीव सांगताय,” वकील म्हणाले.

“नाही. पाहिलेलं सांगतेय.”

आणि दुभाषीबाईंनी सांगितलं. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या, थोरला भाऊ, दादा, तेराचा. दादाने वडिलांचा आकडा खेळायला नेला आणि गटारात घालवला. वडील दुपारी जेवायला आले ते दोन सोबत्यांना घेऊन, दुसऱ्याचा आकडा हातात. दारातच हसून सोबत्यांना म्हणाले, “आज घरचं महाळुंग सोलतो.” सोबतीही हसले. दादा चुलीमागे शिरला होता. वडिलांनी त्याला पायाला धरून बाहेर ओढलं आणि आकडा घातला. कपाळापासून कानामागेपर्यंत कातडी सुटून लोंबायला लागली. खाली पांढरं दिसलं. आईने चादर दाबून धरली, आणि वडिलांनी त्या चादरीवरही दोन लाथा घातल्या. मग हात धुऊन ते जेवायला बसले. दादाच्या डोक्याला एकोणतीस टाके पडले. त्याच आठवड्यात आई दोघांना घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, ती परत फिरकली नाही.

न्यायाधीशांनी पाणी मागवलं, दुभाषीबाईंसाठी. मग वकिलांनी नवी हरकत घेतली, ती त्यांनी मान्य केली: आता या बाई तटस्थ राहिलेल्या नाहीत, त्यांना या खटल्यात दुभाषी म्हणून ठेवता येणार नाही. पण मुकादमाच्या बाजूने बोललेल्या तीन जुन्या हमालांना त्यांनी पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं आणि एकेकाला तोच प्रश्न विचारला. दोघांनी कानावर हात ठेवले. तिसरा सत्तरीचा होता. तो कठडा धरून उभा राहिला आणि म्हणाला, “बाई म्हणतात ते खरं. मीही सोललीयत.”

दादाला हे वर्तमानपत्रातून कळलं. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथून तो ग्रीसच्या हातांनीच बहिणीच्या घरी आला.

“चाळीस वर्षं टोपी घालतोय मी,” तो म्हणाला. “बायकोलासुद्धा सांगितलंय की झाडावरून पडलो. आणि तू अख्ख्या शहराला माझं डोकं दाखवलंस?”

“दादा, त्याशिवाय ते सुटले असते.”

“सुटू दे! तो मापाडी काय माझा जावई होता?” त्याने हातातला पाना भिंतीवर मारला. पोपडा पडला. “मला विचारायचंस तरी.”

हे मात्र खरं होतं. तिने विचारलं नव्हतं. दादा गेला आणि महिनाभर फिरकला नाही, फोनही उचलला नाही.

निकालाच्या आदल्या आठवड्यात दुपारी तीनला दुभाषीबाई कोर्टासमोरच्या बसथांब्यावर उभ्या होत्या. दोघे जण चालत आले. एकाने वेळ विचारली. त्या घड्याळ बघायला वाकल्या तेवढ्यात दुसऱ्याने तोंडावर लोखंडी कडं मारलं. पहिल्याच घावात जबडा मोडला. पडल्यावर ते लाथा घालत राहिले, छातीत, पाठीत, आणि मुद्दाम तोंडावर. “बोल आता,” एक जण म्हणत होता. “सांग अर्थ. सांग की.” थांब्यावर अकरा माणसं होती. पानवाल्याने शेवटी सोड्याची बाटली फोडून हातात घेतली आणि आरडाओरडा केला, तेव्हा ते पळाले. ते कोण, हे आजवर कळलेलं नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आल्या तेव्हा जबडा तारांनी बांधलेला, चार दात गेलेले, आणि उशाशी दादा. तो परिचारिकेशी भांडत होता.

“पेज एवढी घट्ट नळीतून कशी जाईल? तुम्ही जाऊन दाखवा नळीतून!”

त्याने स्वतः पेज गाळली, नळी तिच्या दातांच्या फटीत बसवली, हनुवटीवर ओघळलं ते बाहीने पुसलं. तिने खुणेने पाटी मागितली आणि लिहिलं: माफ कर.

“अक्षर बघ स्वतःचं,” दादा म्हणाला. “एवढी शिकलीस आणि अक्षर हे असं.” मग खिडकीकडे वळला. “बाबा मेले तेव्हा मी गेलो होतो. तुला नाही सांगितलं. विचार केला होता, मेल्यावर तरी एक लाथ घालू. नाही घातली. बारीक झाले होते फार.”



निकाल लागला. पहार आणि आकडा चालवणाऱ्यांना जन्मठेप, हात धरणाऱ्याला सात वर्षं. मुकादमालाही जन्मठेप, कारण त्याने दिला तो मारण्याचाच हुकूम होता असं न्यायाधीशांनी लिहिलं. निकालपत्रात एक पान त्या शब्दावर होतं. मुकादम पिंजऱ्यातून उतरताना मावशीकडे धावला, पोलिसांनी त्याला जमिनीवर लोळवून पाठीवर गुडघे रोवले, आणि त्याचं ते बरं न झालेलं नाक पुन्हा फुटलं. मावशी म्हणे नुसती बघत उभी होती. पुढल्या सोमवारी ती परत गाळ्यासमोर फळं निवडायला बसली. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, म्हणून डाव्या हाताने. तिला कुणी बाजूला सरक म्हणालं नाही.

दुभाषीबाई आठ महिन्यांनी कामावर रुजू झाल्या. जबडा जोडला होता पण थोडा डावीकडे. श आणि स एक झाले होते, आणि तोंड भरून बोलायला गेलं की कानाखाली कळ यायची. साहेबांनी विचारलं, बसून कागदांचं भाषांतर करायचं काम द्यायचं का. त्यांनी नको सांगितलं. पहिलाच खटला सायकलचोरीचा होता. एक वाक्य तीनदा सांगावं लागलं, तरी त्या न चिडता तीनदा सांगत राहिल्या.

एकट्याने बसथांब्यावर उभं राहायला मात्र जमेना. लोखंड वाजलं की पाय थिजायचे. म्हणून दादा रोज सकाळी सोडायला आणि संध्याकाळी न्यायला येऊ लागला, तोही पाऊण तास आधी. आल्यावर तो वऱ्हांड्यातल्या बाकावर बसायचा आणि कोर्टाच्या शिपायाशी कशावरूनही वाद घालायचा: पंखा, पाण्याचा माठ, चुकीचं घड्याळ. आवाज आतपर्यंत यायचा.

“तो बाहेर कोण ओरडतोय?” एकदा न्यायाधीशांनी कानामागे हात धरून विचारलं.

“माझा भाऊ आहे, शाहेब,” दुभाषीबाई म्हणाल्या. “घड्याळ पाच मिनिटं मागे आहे म्हणतोय.”

न्यायाधीशांनी मनगटावर बघितलं. “आहे खरं,” ते म्हणाले, आणि पुढच्या साक्षीदाराला बोलवायला सांगितलं.