बरोबरीचा डाव

“माझ्यात किती भंगार घालू?” पत्ते पिसण्याआधी आप्पा हमखास विचारायचे.

सणसवाडीत आम्ही एकाच कारखान्यात होतो आणि एकाच चाळीत भाड्यानं राहायचो. ते पन्नाशीचे, मालाची तपासणी करणारे, मी पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर. दोघंही कंत्राटी. त्यांच्याकडे रद्दीवाल्याकडून उचललेला एक पत्त्यांचा डबा होता. रमीचा नव्हे. या खेळात प्रत्येकानं दहा हलक्या पत्त्यांनी सुरुवात करायची, दर खेपेला मधल्या ढिगातून एखादा भारी पत्ता मिळवायचा आणि आपली गड्डी ताकदीची करत न्यायची. जाणत्यापुढं नवखा दहा मिनिटांत गारद व्हायचा. म्हणून आप्पा स्वतःच्या गड्डीत आधीच बिनकामाचे पत्ते घालून घ्यायचे. नवख्यापुढं सहा. तो सुधारला की एकेक कमी.

“त्यापेक्षा मुद्दाम हरत का न्हाई तुम्ही?” मी एकदा विचारलं.

“त्यो समोरच्याचा अपमान हाय. भंगार घेऊनबी मी जीव तोडूनच खेळतो.”

असल्या वस्तीत माणसं टिकत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल. खेळ हातात बसेपर्यंत गड्याचं कंत्राट संपायचं, खोली रिकामी व्हायची. कुणी तीन भंगारांपर्यंत आला, कुणी दोनपर्यंत. नवा माणूस आला की आप्पा पुन्हा सहा पत्ते उचलायचे. सात वर्षांत बरोबरीनं खेळणारा एकही त्यांना मिळाला नव्हता.

मी तिथवर पोचलो. एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी शेवटचा भंगार पत्ताही डब्यात टाकला. मी थोडक्यात हरलो. आप्पांनी पत्ते गोळा केले.

“घाम काढलास रं,” ते म्हणाले. “फुडल्या सुट्टीला परत बसू.”

त्याच आठवड्यात गेटवर माझा पास चालला नाही; कंत्राट संपलं होतं. मी दौंडला घरी आलो.

वर्षभरानं कळलं, आप्पांनाही काढलंय आणि ते केडगावजवळ भावाकडं असतात. मी गेलो. ते ओट्यावर बसले होते.

“डबा काढा, आप्पा.”

“तिथंच दिला. नवीन आलेल्या दोघांना. म्हटलं, आता आपल्याला कोण भेटतंय.”

“मी होतो की.”

“व्हय.” मग त्यांनी विचारलं, “काम लागलं का?”

“न्हाई.”

“मलाबी न्हाई.”

चहा झाला. पत्त्यांशिवाय आम्ही कधी बोललोच नव्हतो, हे तेव्हा ध्यानात आलं. ते मला एसटीपर्यंत सोडायला आले. गाडी यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ते हात पाठीमागं बांधून रस्त्याकडं बघत उभे राहिले.

“येतो परत,” चढताना मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

मी गेलो नाही.