मैंदर्गीची गाडी सुटली

सरफराज सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, लग्नाचं स्वागत, पुढाऱ्यांचं अभिनंदन हे त्याचं पोटापाण्याचं काम. जीव मात्र सगळा कॉम्प्युटरवरच्या फुटबॉलमध्ये. नुसता खेळण्यात नाही, तो खेळ सुधारण्यात. कंपनीनं बनवलेला खेळ त्याला मुका वाटायचा. स्टेडियम गच्च भरलेलं, पण सगळे प्रेक्षक एकदमच उठायचे आणि एकदमच बसायचे. गोल खाल्लेला गोलकीपर खांबासारखा उभा राहायचा. त्यात खऱ्या हालचाली, खरे आवाज घालायचे आणि तो बदल, म्हणजे मॉड, इंटरनेटवर फुकट वाटायचा, हा त्याचा छंद. दूरदेशीची माणसं त्याला उस्ताद म्हणायची. शबाना, त्याची बायको, म्हणायची, घरातला पंखा तेवढा सुधारा.

मागच्या हिवाळ्यात सोलापुरात स्थानिक फुटबॉल टीमांची स्पर्धा झाली. फायनल बघायला सरफराज मोबाइल घेऊन मैदानावर गेला, तो गर्दीचा आवाज टिपायलाच. एका टीमचा गोलकीपर शिवपुत्र होता. मूळचा कानडी मुलखालगतच्या मैंदर्गी गावचा, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला. सरफराजच्या तोंडओळखीचा. शेवटी शेवटी एक साधा चेंडू त्याच्या पायातून निसटून गोलात गेला. चेंडू सुटला तशी गावची एसटीही सुटली, अशा अर्थानं मागून कोणीतरी ओरडलं, "मैंदर्गीची गाडी सुटली!" बघता बघता सगळं मैदान टाळ्यांच्या ठेक्यावर तेच म्हणू लागलं. सरफराजही म्हणत होता, आणि मोबाइल त्याच्याच हातात असल्यामुळं रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज सगळ्यांत मोठा आला. शिवपुत्रानं जर्सीची कॉलर वर ओढून तोंड झाकलं आणि तो खांबाला कपाळ टेकून उभा राहिला.

सरफराजला ते सोन्यासारखं वाटलं. त्यानं तो घोष खेळात घातला, आणि तोंड झाकून खांबाला टेकणारा गोलकीपरही हुबेहूब बसवला. मॉड वाऱ्यासारखा पसरला. ब्राझीलच्या एकानं विचारलं, हे लोक काय म्हणतात? सरफराजनं हसण्याची चित्रं टाकून अर्थ सांगितला. मग परदेशातली पोरंही वाकड्या उच्चारात मैंदर्गी, मैंदर्गी म्हणत व्हिडिओ टाकू लागली.

उन्हाळ्यात शिवपुत्र दुकानात आला, भावाच्या लग्नाचा फ्लेक्स करायला. कारखाना सोडून तो गावी गेला होता. छपाई होईपर्यंत बसा म्हणून सरफराजनं त्याच्या कानाला हेडफोन लावला आणि मोठ्या हौसेनं आपला खेळ सुरू करून दिला. तो घोष त्यानं स्वतः इतक्यांदा ऐकला होता की त्यातले शब्द त्याला ऐकूच येईनासे झाले होते.

शिवपुत्र खेळत होता. मग त्याचे हात थांबले. पडद्यावर गोलकीपर खांबाला टेकलेला.

"ह्यो मी हाय की," तो म्हणाला. हेडफोन काढून त्यानं हळूच टेबलावर ठेवला. "आनि वरडनारा आवाज तुमचा वाटतोय, सरफराजभाई."

सरफराजच्या तोंडून पटकन निघून गेलं, "छे, गर्दीतला कोणीतरी असेल."

शिवपुत्र उठला. फ्लेक्स गुंडाळून घेतला, चांगला झालाय म्हणाला आणि गेला.

त्यानंतर सरफराजला मान वर करवेना. मॉड त्यानं त्याच दिवशी काढून टाकला. पण तोवर इतरांनी तो आपापल्या मॉडमध्ये घालून घेतला होता. त्यानं एकेकाला विनवण्या केल्या. काहींनी ऐकलं, बरेच हसले. एकानं लिहिलं, तूच तर केलंस, आता तुलाच काय झालं? गोल खाल्ल्याची लाज जितकी शिवपुत्राला वाटली असेल, तितकी आपल्याला त्या दिवशी ओरडताना का वाटली नाही, हे त्याला कळेना.

शेवटी एका रविवारी तो मैंदर्गीला गेला. शिवपुत्र घरासमोर मोटारसायकल धूत होता. सरफराजनं उभ्याउभ्याच सांगितलं, "आवाज माझाच होता. मी खोटं बोललो."

"ते तवाच कळलं मला," शिवपुत्र म्हणाला. "मैदानात समदीच वरडली. त्येचं काय न्हाय. दुकानात तुमी माझ्या तोंडावर न्हाय म्हनलात, ते लई लागलं." चाकावर पाणी मारत त्यानं विचारलं, "निघालं का आता ते?"

"माझ्याकडचं निघालं. लोकांकडं गेलेलं परत येत नाही."

शिवपुत्रानं मान हलवली आणि फडकं पिळलं. एवढ्यात त्याची बायको चंद्रव्वा बाहेर आली आणि कानडीत काहीतरी विचारू लागली. पाहुणा कोण, असंच असावं. शिवपुत्रानं कानडीतच उत्तर दिलं. सरफराजला त्यातला एकच शब्द समजला, दोस्त. तिनं लगेच ताट वाढलं. भाकरी आणि शेंगांची चटणी समोर आली, पण तो भाकरीचे नुसते तुकडेच करत बसला. शिवपुत्रानं चार शिव्या दिल्या असत्या तर जेवण सोपं गेलं असतं, असं त्याला वाटलं.

तो अजूनही मॉड करतो. स्टेडियमचे दिवे, गवत, पाऊस. गर्दीच्या आवाजाला मात्र हात लावत नाही. कोणी मागितला, तर जमत नाही म्हणतो.